सूट नको, सोय हवी

दिव्यांग मुलांना शाळेत मिळणारी प्रत्येक सवलत ही मदतच असते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात यांतील काही सवलती पुढे महाविद्यालयाचे आणि नोकरीचे दार बंद करतात. कायद्याचा भर मुलाला विषयातून सूट देण्यापेक्षा त्याची सोय करून देण्यावर आहे. हा फरक वेळीच ओळखला नाही, तर त्याची किंमत त्या मुलालाच मोजावी लागते.

परीक्षांचा हंगाम जवळ आला, की शहरातील काही घरांत अभ्यासाबरोबरच आणखी एक धावपळ सुरू होते. ती असते लेखनिकाच्या शोधाची. ज्या मुलाला दिसत नाही, ज्याचा हात पेनावर स्थिर राहत नाही किंवा उत्तर ठाऊक असूनही ज्याला अक्षरांची जुळणी साधत नाही, त्याचे उत्तर कागदावर उतरविण्यासाठी दुसरा हात लागतो. ओळखीपाळखीच्या घरांत विचारणा होते, एखादी स्वयंसेवी संस्था गाठली जाते, शेजारच्या मुलीच्या आईची मनधरणी केली जाते. होकार दिलेला लेखनिक आयत्या वेळी आजारी पडला, तर वर्षभराची मेहनत टांगणीला लागते. इतर मुले आदल्या रात्री संभाव्य प्रश्नांची उजळणी करीत असताना या मुलाला मात्र 'उद्या लिहायला कोण येणार' याचीच चिंता लागून राहिलेली असते.

याच मुलांच्या पालकांना आठवी-नववीच्या सुमारास एक सल्ला हमखास ऐकावयास मिळतो. 'एवढा त्रास कशाला? गणित सोडून द्या. आकृत्या काढायची गरज नाही. तिसरी भाषाही वगळता येईल.' सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पालकांनाही हायसे वाटते. मूल दहावी उत्तीर्ण होते, पेढे वाटले जातात. अडचण सुरू होते ती त्यानंतर!

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण २.२१ टक्के. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या. त्यानंतर २०१८ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत दिव्यांगांची स्वतंत्र पाहणी झाली. तिच्यातील शिक्षणाचे आणि रोजगाराचे आकडे अस्वस्थ करणारे आहेत. सात वर्षांवरील दिव्यांगांत साक्षरतेचे प्रमाण ५२.२ टक्के आढळले. पंधरा वर्षांवरील दिव्यांगांत माध्यमिक वा त्यापुढील शिक्षण पूर्ण केलेल्यांचे प्रमाण अवघे १९.३ टक्के होते. म्हणजे पाचांतील चार जण शालान्त परीक्षेच्या अलीकडेच थांबलेले. रोजगारात असलेल्या वा रोजगाराच्या शोधात असलेल्यांचे प्रमाण २३.८ टक्के होते आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती असलेल्यांचे २८.८ टक्के.

या आकड्यांमागे गरिबी आहे, अंतर आहे, घरच्यांची भीतीही आहे. पण शाळेत पोहोचलेल्या आणि टिकलेल्या मुलांचे पुढे काय होते, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात अशा शाळांची परंपरा जुनी आहे. कर्णबधिर मुलांसाठीची देशातील पहिली शाळा १८८५ मध्ये मुंबईत निघाली. दादरच्या अंध मुलींच्या शाळेची मुळे १९०० पर्यंत मागे जातात. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. मेंदूच्या पक्षाघातासह जगणाऱ्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटीचे काम १९७२ मध्ये मुंबईत सुरू केले. एवढी दीर्घ परंपरा असूनही शाळेपासून महाविद्यालयापर्यंतचा पूल मात्र अरुंदच राहिला.

सवलतीची किंमत

सूट आणि सोय हे दोन शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांत मूलभूत अंतर आहे. विषयच वगळणे ही सूट. तोच विषय मुलाला शिकता यावा आणि त्याला तो येतो हे दाखविता यावे, यासाठी शिकविण्याची वा परीक्षेची पद्धत बदलणे ही सोय. सूट देण्यासाठी संस्थेला एका सहीपलीकडे काही करावे लागत नाही. सोय करावयाची, तर शिक्षकाला प्रशिक्षण, उठावदार आकृत्या, वाचता येईल असे पुस्तक आणि थोडा अधिक वेळ लागतो. साहजिकच व्यवस्थेचा कल सूट देण्याकडे असतो.

गणिताचेच उदाहरण घेऊ. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा विचार करून महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाने १९९० च्या दशकातच सवलती देण्यास सुरुवात केली. त्या काळात ही दूरदृष्टीच होती. जादा वेळ, लेखनिक यांबरोबरच बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभाही त्यांत होती. ज्या मुलाला अंकांचे आकलनच होत नाही, त्याच्यासाठी ही मुभा वरदान ठरली. ती नसती, तर अनेक मुले दहावीच्या उंबरठ्यावरच अडकली असती. पण ज्याची अडचण केवळ वाचण्याची वा लिहिण्याची आहे, त्यानेही गुणांची टक्केवारी वाढावी म्हणून हाच मार्ग पत्करला, तर विज्ञान शाखा, अभियांत्रिकी, सांख्यिकी असे सारे रस्ते त्याने पंधराव्या वर्षीच स्वतःहून बंद केलेले असतात. त्या वयात हे त्याला कोणी समजावून सांगत नाही.

अंध मुलांच्या बाबतीतही हेच घडत आले. भूमिती म्हणजे आकृती आणि आकृती म्हणजे डोळे, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः बोटांनी चाचपून समजतील अशा उठावदार आकृत्या काढता येतात. टेलर फ्रेम आणि ॲबॅकस ही आकडेमोडीची साधने अंधशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. साधने होती; त्यांचा उपयोग दहावीच्या पलीकडे करावयाचा असतो, ही अपेक्षा नव्हती.

कर्णबधिर मुलांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांना भाषा विषयांतून सूट मिळते आणि ती बऱ्याचदा आवश्यकही असते. पण भाषेचे ओझे कमी करताना त्यांना हक्काची भाषा दिली जाते का? भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणाचे केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख केला आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक स्तरावर ती विषय म्हणून आली. मधली सारी वर्षे अनेक शाळांत खुणांना मज्जावच होता. ज्या मुलाची लिखित भाषा कच्ची राहिली आणि ज्याला वर्गात दुभाषीही मिळाला नाही, त्याला महाविद्यालयात प्रवेश मिळूनही व्याख्यान बंद काचेपलीकडचेच राहते.

कायद्याची भाषा

दिव्यांगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ मध्ये संमत झाला. त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. प्रकारांची संख्या सातवरून एकवीस झाली. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, स्नायूंचा ऱ्हास, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, आम्लहल्ल्यामुळे आलेले दिव्यांगत्व यांचा त्यात समावेश झाला.

या कायद्यानुसार ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा जवळची सर्वसाधारण असावी की विशेष, हे निवडण्याची मुभा आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव असून प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची शिथिलता आहे. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण चार टक्के झाले आहे.

आरक्षणाची चर्चा नेहमीच होते. कायद्यातील सर्वांत क्रांतिकारक तरतूद मात्र तिच्या आड झाकली जाते. ती म्हणजे 'वाजवी सोय' ही संकल्पना. संस्थेवर अवाजवी भार न पडता जो बदल करता येणे शक्य आहे, तो करून देणे हे तिचे कर्तव्य ठरते. तसा बदल नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव आहे. प्रवेश नाकारला तरच अन्याय होतो, असे नाही. प्रवेश देऊन तिसऱ्या मजल्यावर वर्ग ठेवणे, उद्वाहन बंद ठेवणे आणि चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला 'घरी बसून नोट्स घे' असे सांगणे, हासुद्धा भेदभावच आहे. 'घरी बस, हजेरी लावतो' ही सूट आहे. वर्ग तळमजल्यावर आणणे ही सोय आहे.

लेखनिकाचा न्याय

लेखनिकाच्या प्रश्नावर न्यायालयाने हा फरक अधिक स्पष्ट केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या एका उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या मोजपट्टीत बसत नाही, या कारणास्तव त्याला लेखनिक नाकारण्यात आला. 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिकासारख्या सोयीसाठी नव्हे. सवलतीचा गैरवापर होईल या भीतीपोटी खऱ्या गरजूंना ती नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एका प्रकरणात न्यायालयाला हीच बाब पुन्हा अधोरेखित करावी लागली. निकाल लागल्यानंतरही परीक्षा केंद्रावर जुनाच नियम चालतो, हे यावरून दिसते.

सोय वेळेवर न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरणही २०२१ चेच. लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेत नियमानुसार एक तासाचा जादा वेळ मिळावयास हवा होता. केंद्रावर तो दिला गेला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिच्यावर अन्याय झाल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला उपाय शोधण्यास सांगितले. परंतु पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. केंद्रावर हुकलेला तास निकालपत्राने परत येत नाही.

पुस्तक वाचता आले पाहिजे

गेल्या वीस वर्षांत सर्वांत मोठा बदल घडविला तो संगणकाने. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी स्क्रीन रीडर प्रणाली आल्याने अंध विद्यार्थी स्वतः वाचू आणि लिहू लागले. यांतील एनव्हीडीए ही प्रणाली विनामूल्य असून ती मराठीही वाचते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी सुरू झालेल्या संसाधन केंद्रासारख्या उपक्रमांनी या तंत्रज्ञानाची ओळख विद्यार्थ्यांना करून दिली.

मराठी विद्यार्थ्यापुढे मात्र एक खास अडचण आहे. मराठी प्रकाशन व्यवसायात अनेक वर्षे युनिकोडपूर्व टंक वापरले गेले. अशा धारिकेत डोळ्यांना मराठी अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी तेथे रोमन चिन्हांची विचित्र मालिका असते. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानी निरर्थक आवाज पडतात. पाने स्कॅन करून बनविलेली धारिका तर त्याच्या दृष्टीने निव्वळ छायाचित्र असते. इंग्रजी माध्यमातील अंध विद्यार्थ्याला जे संदर्भग्रंथ सहज मिळतात, ते मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागतात. यावर कायद्याची अडचण उरलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूपांतर करणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. यासंबंधीच्या माराकेश करारास २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच होता. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. आता गरज आहे ती मराठी प्रकाशकांनी आणि विद्यापीठांनी आपली पुस्तके युनिकोडमध्ये उपलब्ध करून देण्याची.

दार उघडते तेव्हा

सोय मिळाली तर काय घडू शकते, याचे उत्तर उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या वाटचालीत मिळते. बालपणीच दृष्टी गेलेल्या प्रांजल यांनी दादरच्या अंध मुलींच्या शाळेत, नंतर सेंट झेवियर्समध्ये आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिक्षण घेतले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या नागरी सेवा परीक्षेच्या निकालात त्यांचा ७७३ वा क्रमांक आला. रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना अंधत्वाच्या कारणास्तव नियुक्ती नाकारण्यात आली. पुढच्याच वर्षी १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. त्यांची प्रश्नपत्रिका सोपी नव्हती. ती इतरांचीच होती. बदलली होती ती वाचण्याची आणि लिहिण्याची पद्धत.

वैद्यकीय शिक्षणातही हा विचार आता रुजू पाहत आहे. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात विद्यार्थ्याच्या वाणी-भाषाविषयक दिव्यांगत्वाचे प्रमाण ४४ ते ४५ टक्के होते. तत्कालीन नियमानुसार त्या प्रकारात ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणारा उमेदवार अपात्र ठरत होता. राखीव जागेसाठी ४० टक्के हवेत आणि तेवढे असले की प्रवेशच नाही, असा हा विचित्र पेच! केवळ टक्केवारी पाहून अपात्र न ठरविता विद्यार्थी तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे वैद्यकीय मंडळाने तपासावे, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. वैद्यकीय शिक्षणासाठी दोन्ही हात शाबूत असलेच पाहिजेत, ही अट फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. मार्च २०२५ मध्ये दृष्टिहीन उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या निवडप्रक्रियेतून वगळता येणार नाही, असा निर्णय झाला.

नोकरीच्या बाबतीतही जुनी चौकट मोडावयास हवी. खुर्च्या विणणे, मेणबत्त्या करणे, दूरध्वनी चालक होणे या ठरलेल्या व्यवसायांनी एकेकाळी अनेकांना स्वाभिमानाने जगविले. पण कार्यालयांतून दूरध्वनी चालकाचे पदच नाहीसे होत असताना तेच प्रशिक्षण देत राहण्यात अर्थ नाही. खासगी क्षेत्राला आरक्षण लागू नाही. तथापि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे कायदा सांगतो. त्या धोरणात 'आम्ही भेदभाव करीत नाही' एवढेच वाक्य असेल, तर ते कागदावरच राहणार. कामाचे संगणकीय साधन स्क्रीन रीडरला वाचता येते का, मुलाखतीला दुभाषी मिळेल का, स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची जाते का, या प्रश्नांची उत्तरे त्यात हवीत.

पालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे प्रमाणपत्र. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केंद्राच्या 'यूडीआयडी' संकेतस्थळामार्फतच दिले जाते. दहावीच्या फॉर्मची तारीख जवळ येईपर्यंत न थांबता ही प्रक्रिया आठवीपूर्वीच पूर्ण करणे हिताचे.

दुसरी गोष्ट, सूट घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हा विषय सोडला, तर पुढे कोणते अभ्यासक्रम बंद होतात? उत्तर कळल्यानंतरही सूट घेणेच योग्य वाटले, तर ती निःसंकोचपणे घ्यावी. पण तो निर्णय मुलाला विश्वासात घेऊन व्हावा.

तिसरी गोष्ट, लेखनिक असो वा संगणक, सवय परीक्षेआधी वर्षभर हवी. उत्तर सांगून लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. विरामचिन्हे सांगणे, लिहिलेले पुन्हा वाचून घेणे, वेळेचे भान ठेवणे हे सरावानेच जमते. संगणकावर स्वतः उत्तर लिहिता येणारा विद्यार्थी लेखनिकाच्या शोधातून कायमचा मुक्त होऊ शकतो.

चौथी गोष्ट, सोयीची मागणी नेहमी लेखी करावी आणि नकारही लेखी मागावा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. राज्यात दिव्यांग आयुक्त आहेत आणि तक्रारींची चौकशी करताना त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. हा मार्ग फार थोड्या पालकांना ठाऊक असतो.

अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द बदलत गेले. प्रत्येक बदलामागे आदराची भावना होती. तरीही वर्गातल्या मुलाच्या दृष्टीने खरा आदर एकाच कृतीत असतो. त्याला जमणार नाही असे आधीच ठरवून विषय काढून घेण्याऐवजी त्याला तो कसा जमेल, हे शिक्षकाने विचारणे. जो शिक्षक आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारतो, तो दहा वर्षांनंतरच्या एका नोकरीची पायाभरणी करीत असतो. कायद्याने सोयीचा हक्क दिला आहे; तो मागण्याची सवय आता घराघरांत आणि शाळाशाळांत रुजावयास हवी.